फोडणी बाजूला ठेवा: कॉलर्ड, कॉर्नब्रेड आणि चवळी, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या 'साइड्स' घरी करताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकहून चार महिन्यांसाठी मुलाकडे, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला आला आहात. सून तिथल्याच कृष्णवर्णीय कुटुंबातली. दहा दिवसांनी, रविवारी, तिची आजी जेवायला येणार आहे आणि तिच्या पद्धतीच्या साइड्स, म्हणजे मुख्य पदार्थाबरोबरचे जोडपदार्थ, तुम्हाला स्वतःच्या हातानं करून वाढायच्या आहेत. घरात पोर्क आणि बीफ चालत नाही, तुमचे यजमान तर अंडंही खात नाहीत. दोनदा करून पाहिलंत: कॉलर्डची भाजी कडू झाली, कॉर्नब्रेडचा (मक्याच्या ब्रेडचा) भुगा झाला, मॅक अँड चीज (चीजमधली मॅकरोनी) रवाळ झालं. आणि शेवटी विचारलंय, 'वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली तर चव येईल का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फोडणी नको, हळद नको, गोडा मसालाही नको. त्या पदार्थांना चव आहेच. आपल्याला ती सापडत नाही, कारण आपण ती मसाल्यात शोधतो. या स्वयंपाकात चव येते तीन गोष्टींतून: धुरावलेल्या मांसाचं पाणी, मंद आचेवरचा वेळ, आणि शेवटी पडणारं थोडं आंबट. या तिन्ही साधल्या की मीठ-मिरीपलीकडे फार काही लागत नाही.

मी मूळची सांगलीची. जॉर्जियातल्या मेकन शहरात एका 'मीट अँड थ्री' खाणावळीच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षं काम केलं, त्यातली शेवटची दहा फक्त साइड्सवर. मीट अँड थ्री म्हणजे एक मांसाचा पदार्थ आणि फळ्यावर लिहिलेल्या दहा-बारा साइड्समधून आपल्या पसंतीच्या तीन. आमच्याकडे तीनऐवजी चार साइड्सच घेऊन मांसाला हात न लावणारी गिऱ्हाइकंही रोज यायची. त्या थाळीला 'व्हेजिटेबल प्लेट' म्हणतात. (तुमच्या यजमानांना सांगून ठेवा: नाव व्हेजिटेबल असलं तरी बाहेर खाताना पालेभाजीत आणि चवळी-घेवड्याच्या दाण्यांत बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस शिजलेलं असतं, आणि मॅक अँड चीज फळ्यावर भाजीतच धरतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.) 'साइड' या शब्दामुळे आपण त्याला चटणी-कोशिंबिरीच्या जागी बसवतो. तिथं उलटं आहे. गरिबाच्या घरी मांस हाडापुरतंच असायचं, तेही भाजीला वास लावण्यासाठी. पोट भरायचं ते पाला, चवळी आणि मक्यावर. साइड्स हेच जेवण होतं.

मला हे सगळं शिकवलं आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंनी. तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. सगळे त्यांच्या पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारत. लग्न झालेलं असो वा नसो, वयानं मोठ्या बाईला दक्षिणेत असं 'मिस' लावतात, आपण 'ताई', 'काकू' लावतो तसं. सुनेच्या आजीला तुम्हीही तसंच म्हणा, त्यांना बरं वाटेल. आणि रविवारचं 'डिनर' म्हणजे संध्याकाळचं जेवण नव्हे, चर्चमधून परतल्यावरचं दुपारचं जेवण. वेळ पक्की विचारून घ्या.

आता कॉलर्ड. यावर जरा थांबते, कारण ही भाजी जमली की बाकीचं सोपं.

कॉलर्ड हा कोबीचाच भाऊबंद, फक्त गड्डा न धरणारा. काश्मिरातला हाक याच कुळातला. पान जाड, मेणचट, निळसर हिरवं. आपण त्याला मेथी-पालकासारखं वागवतो, दहा मिनिटं परतून उतरवतो, आणि इथंच ती कडू लागते. तुमचंही तेच झालंय. कॉलर्ड शिजायला पाऊण ते सव्वा तास लागतो. रंगाची काळजी करू नका. आपल्याला हिरवीगार भाजी चांगली वाटते. हिचा रंग शेवटी काळपट ऑलिव्ह होतो आणि तोच बरोबर. थंडीत दव गोठून गेल्यावर काढलेली पानं गोडसर असतात, उन्हाळ्यातली उग्र. बाजारात शेजारीच मस्टर्ड ग्रीन्स आणि टर्निप ग्रीन्स असतात. मोहरीचा पाला तिखटसर, सलगमचा कडसर. सरावल्यावर तिन्ही मिसळून करा, पहिल्यांदा नुसतं कॉलर्ड घ्या.

सहा जणांना तीन मोठ्या जुड्या. ढीग बघून घाबरू नका, शिजून पाव उरतो. सिंक पाण्यानं भरून पानं बुडवा, हलवा, वर उचलून घ्या, पाणी सोडून द्या. असं तीनदा, तळाला वाळू दिसेनाशी होईपर्यंत. मिस चौथ्यांदा धुवायला लावायच्या. एकाच्या दाताखाली जरी वाळू आली तरी अख्खं पातेलं वाया गेलं, असं त्या म्हणत, आणि ते खरं आहे. मग मधली जाड शीर काढून टाका, पाच-सहा पानं एकावर एक ठेवून विडीसारखी गुंडाळा आणि बोटभर रुंद पट्ट्या कापा.

पण पाला चिरायच्या आधी पाणी तयार पाहिजे. इथंच नव्या माणसाची दुसरी चूक होते: मांस आणि पाला एकदम टाकतात. दोन लिटर पाण्यात धुरावलेल्या टर्कीचा एक मोठा पंख किंवा दोन मानेचे तुकडे टाका. बर्मिंगहॅमच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. पोर्क न खाणारी तिथली अनेक कृष्णवर्णीय कुटुंबंही हेच वापरतात, त्यामुळे आजीला त्यात वावगं काही वाटणार नाही. सोबत एक कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा मिरची फ्लेक्स. झाकण अर्धवट ठेवून तासभर मंद उकळू द्या, मांस हाडापासून सुटेपर्यंत. आता ते पाणी चाखा. या पाण्याची चव सूपसारखी लागली पाहिजे. पचपचीत लागलं तर भाजीही पचपचीतच होणार. मग पाला मुठीमुठीनं घाला, एक मूठ बसली की दुसरी. मीठ अर्धा तास उलटल्यावर, चाखून, कारण टर्की आधीच खारट असते. शेवटच्या दहा मिनिटांत एक-दोन टेबलस्पून सफरचंदाचं व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. आपण अळूच्या भाजीत चिंच-गूळ घालतो त्याच हिशेबानं, फक्त साखर कळता कामा नये.

कुकर? पाणी बनवायला जरूर वापरा, टर्की त्यात अर्ध्या तासात सुटेल. पाल्याला नको. पान मऊ होतं, पण पाणी आटत नाही आणि दोघांची चव एकजीव होत नाही. सोडा घालून पाला लवकर शिजवण्याची युक्ती कुणी सांगितली तर तीही नको, पान लगद्यासारखं होतं.

यजमानांसाठी वेगळं लहान पातेलं लावावं लागेल. दोन कांदे तेलात अगदी गडद तांबूस होईपर्यंत परता, घाई न करता, वीस मिनिटं. त्यात लसूण, दीड चमचा स्मोक्ड पॅप्रिका, एक चमचा सोया सॉस, मग पाणी, मग पाला. धुराचा वास आणखी हवा असेल तर आपली निखाऱ्याची युक्ती चालते: वाटीत पेटता कोळसा, वर तेलाचा थेंब, पातेल्यावर झाकण. तूप मात्र घालू नका, नाहीतर धुंगारी डाळीचा वास येईल आणि सगळी मेहनत दुसऱ्याच दिशेला जाईल. भारतात परत गेल्यावर कॉलर्ड मिळणार नाही, तेव्हा नवलकोलाचा पाला घ्या. खूप जवळ जातो.

भाजी उरलेल्या पाण्यासकट वाढायची. त्या पाण्याला 'पॉट लिकर' म्हणतात आणि ते टाकणं म्हणजे भाकरीवरचं लोणी निपटून टाकण्यासारखं आहे. गुलामगिरीच्या काळात मालकाच्या टेबलावर पाला जायचा आणि राबणाऱ्यांच्या वाट्याला हे पाणी यायचं, असं मिस त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगायच्या. पाल्यातलं सत्त्व त्या पाण्यातच उतरलेलं असतं.

कॉर्नब्रेडकडे येते. भुगा का झाला? मला वाटतं तीन कारणं जमून आली असावीत: पीठ भिजलं नाही, तवा थंड होता, आणि गरम असतानाच कापला.

मक्यात ग्लुटेन नसतं. आपण भाकरी थापतो तेव्हा हे हाताला माहीत असतं, ओव्हनसमोर मात्र विसरतो. म्हणून दोन कप मक्याचं पीठ दीड कप ताकात पंधरा मिनिटं भिजवून ठेवा. इथलं 'बटरमिल्क' म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे. ते विरजलेलं, दाट असतं. घरचं वापरायचं तर तीन वाट्या दह्याला एक वाटी पाणी घालून घुसळा. पंधरा मिनिटांनंतर एक चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा बेकिंग सोडा, दोन अंडी आणि दोन टेबलस्पून वितळलेलं बटर. सोडा शेवटी, कारण ताकाच्या आंबटपणाला भेटला की तो लगेच कामाला लागतो आणि तो जोर ओव्हनमध्ये हवा, भांड्यात नको.

बिडाचा तवा, पंचवीस सेंटीमीटरचा, हे या पदार्थाचं अर्धं रहस्य. बर्मिंगहॅमच्या उत्तरेला, टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावात १८९६ पासून 'लॉज' कंपनीचे बिडाचे तवे बनतात; त्याच गावात दरवर्षी कॉर्नब्रेडचा मोठा उत्सवही भरतो. सुनेच्या घरी असा एखादा तवा असणारच. ओव्हन २२० अंशांवर (त्यांच्या भाषेत ४२५ फॅरनहाइट) तापवा, तवा दोन टेबलस्पून तेलासकट आतच तापू द्या. पीठ ओतताना 'चर्र' आवाज आला पाहिजे. घावन घालताना आपण तव्याची हीच परीक्षा घेतो. आवाज आला नाही तर तवा परत आत ठेवा. वीस ते पंचवीस मिनिटं, कड सुटून तांबूस होईपर्यंत. मग दहा मिनिटं तसाच राहू द्या आणि नंतरच कापा.

पीठ घेताना पाकीट वाचा. 'सेल्फ रायझिंग' लिहिलेल्या पिठात पावडर आणि मीठ आधीच असतं. कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी ते न वाचता वरून पुन्हा सोडा-मीठ घातलं आणि सहा तवे फेकावे लागले. आणि भारतात करताना 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळतो तो पांढरा स्टार्च; त्याचा इथं उपयोग नाही. रवाळ मक्याचं पीठ हवं.

साखर? या प्रश्नावर दक्षिणेत घराघरांत दोन तट आहेत. पांढऱ्या मक्याच्या, साखर नसलेल्या कॉर्नब्रेडलाच खरा मानणारे पुष्कळ. पिवळ्या मक्यात दोन चमचे साखर घालणारेही पुष्कळ, आणि कृष्णवर्णीय घरांत ही दुसरी चाल बरीच दिसते. माझं मत साखरेशिवाय, कारण तो पॉट लिकरमध्ये बुडणार असतो. पण तुम्ही माझं ऐकू नका, सुनेला विचारा की तिची आजी काय करते. ज्यांना आपण जेवायला बोलावलंय त्यांची चाल मोठी.

यजमानांसाठी 'हॉट वॉटर कॉर्नब्रेड' करा. हा अस्सल दक्षिणेचा आहे, अंडं लागत नाही, आणि आपल्या हाताला तो पहिल्याच दिवशी येतो, कारण ही सरळ उकडच आहे. दोन कप बारीक मक्याचं पीठ, चमचाभर मीठ, एक चमचा तेल, त्यावर कढत पाणी अंदाजे दीड कप, चमच्यानं ढवळून झाकून ठेवा. हाताला सोसवेल इतकं निवलं की ओल्या तळव्यावर छोट्या टिक्क्या थापा आणि बोटाच्या पेराइतक्या तेलात दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं तळा. बाहेरून कडक, आतून मऊ. आजी यालाच आधी हात घालतील, असा माझा अंदाज आहे.

मक्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मका या भूमीतल्या मस्कोगी, चेरोकी, चॉक्टॉ लोकांचा. ते तो राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवत. नंतर आलेल्यांनी मका घेतला आणि ती रीत बरीचशी सोडून दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कापसाच्या शेतात वाट्यानं राबणारी दक्षिणेतली गरीब कुटुंबं मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी एवढ्यावर जगत होती आणि त्यांच्यात पेलाग्रा पसरला. हा संसर्गाचा रोग नसून अपुऱ्या आहाराचा आहे, हे १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवत नेलं. त्या रीतीनं न शिजवलेल्या मक्याच्या नुसत्या पिठात आपल्याला उपयोगी पडेल अशा रूपात नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) फारसं नसतं. म्हणून त्या ताटात कॉर्नब्रेडशेजारी पाला आणि चवळी असणं ही नुसती चवीची गोष्ट नाही. तुमच्यापासून फार लांब नाही ते टस्कीगी. तिथं १८९६ मध्ये आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नकोत. कापसानं थकलेल्या जमिनीत चवळी, रताळं, भुईमूग लावा आणि तेच खा, असं ते शेतकऱ्यांच्या दारोदार सांगत होते. या साइड्सच्या ताटात कार्व्हर आहेत. जमलं तर मुलाला एका शनिवारी तिकडे घेऊन जायला सांगा.

चवळी. इथं तुम्हाला काही शिकवायची गरज नाही असं वाटेल, आणि म्हणूनच चूक होते. ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपलीच पांढरी, काळ्या डोळ्याची चवळी. मूळची आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि पकडून नेलेल्या माणसांच्या जहाजांतून अमेरिकेत पोचली. भेंडीचंही तसंच: 'ओक्रा' हा शब्द इग्बो भाषेतला, आणि लुइझियानात भेंडीला जे 'गम्बो' म्हणत तेही आफ्रिकेतल्या बांटू भाषांतलं नाव.

आपल्या उसळीत दाणा मोकळा राहावा लागतो. इथं दाणा अख्खा राहून पाणी दाट व्हायला हवं. चार-पाच तास भिजवा, मोड आणू नका. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची बारीक चिरून परता, तमालपत्र, थाइमची काडी, टर्कीचा तुकडा, पाणी दाण्यांच्या दोन बोटं वर. मंद आचेवर पाऊण तास. शेवटी डावभर दाणे पातेल्याच्या कडेला चेपा म्हणजे रस्सा आपोआप दाटतो. वाढताना वर कच्च्या कांद्याची चकती. जॉर्जियाचा व्हिडेलिया कांदा मिळाला तर बघा, तिथल्या गंधक कमी असलेल्या मातीमुळे तो इतका सौम्य असतो की नुसता खाता येतो.

याच पाण्यात तांदूळ शिजवला की 'हॉपिन जॉन'. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची ही रीत, जिथं भातशेतीचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांबरोबर आलं. एक जानेवारीला तो खातात: चवळी म्हणजे नाणी, कॉलर्ड म्हणजे नोटा, कॉर्नब्रेड म्हणजे सोनं. बासमती घेऊ नका, त्याचा सुवास मध्ये येतो. साधा लांब दाण्याचा तांदूळ पुरे. किनाऱ्यावर जुन्या पद्धतीत बारीक लाल दाणा घेतात. आपली लाल चवळी त्याच्या जास्त जवळची.

मॅक अँड चीज. रवाळ झालं, कारण चीज उकळलं, किंवा पाकिटातलं आधीच किसलेलं वापरलंत. त्या किसावर दाणे चिकटू नयेत म्हणून स्टार्च लावलेलं असतं, ते नीट वितळत नाही. शार्प चेडरची वडी आणा आणि स्वतः किसा. दक्षिणेत पुष्कळ घरांत हे अंडं-दुधात भाजतात, कापल्यावर वडीसारखा तुकडा निघतो. तुमच्याकडे दोन ताटं करण्यापेक्षा बिनअंड्याचं एकच करा. साठ ग्रॅम बटरमध्ये सहा टेबलस्पून मैदा दोन मिनिटं परता, रंग न बदलता. एक लिटर कोमट दूध थोडं थोडं घालून घोटा, दाट झालं की गॅस बंद. बंद केल्यावरच ४०० ग्रॅम चीज, मूठमूठ. अर्धा चमचा मोहरीची पूड, मिरी, मीठ. ४५० ग्रॅम एल्बो मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढलेली. मिश्रण सैलच दिसलं पाहिजे, ओव्हनमध्ये ते आळतं. वर शंभर ग्रॅम चीज, १९० अंशांवर पंचवीस मिनिटं, मग पंधरा मिनिटं विश्रांती. यजमान काटेकोर असतील तर चीजच्या लेबलवर 'मायक्रोबियल' एन्झाइम आहे का ते बघा, नाहीतर त्यात वासराच्या जठरातलं रेनेट असू शकतं.

या पदार्थाच्या कथेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं नाव नेहमी येतं. पॅरिसला जाऊन फ्रेंच स्वयंपाक शिकला तो त्यांचा गुलाम, जेम्स हेमिंग्ज. आपल्या भावाला तयार करून दिल्यावर १७९६ मध्ये त्याची सुटका झाली, आणि पाच वर्षांत तो गेला. १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या जेवणात मॅकरोनीचा 'पाय' (ओव्हनमध्ये भाजलेला, सारण भरलेला पदार्थ) वाढल्याची नोंद एका पाहुण्याच्या रोजनिशीत आहे. तेव्हा हेमिंग्ज हयात नव्हता. मी ही गोष्ट सांगते तेव्हा त्याचं नाव आधी घेते.

रताळी तुम्हाला येतातच. उपासाचे तूप-गुळातले काप आठवा आणि तुपाच्या जागी बटर, वेलचीच्या जागी दालचिनी-जायफळ. नारिंगी गराची घ्या. दुकानात त्यावर 'याम' लिहिलेलं असेल, पण ती रताळीच. जाड चकत्या, झाकून अर्धा तास आणि उघडून अर्धा तास भाजा, मधून पाक वर ओतत राहा. ब्राउन शुगर ऐवजी मिळाली तर 'सॉर्गम सिरप' घाला. ती गोड ज्वारीच्या धाटाची काकवी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हीच काकवी आपल्याकडे बनवून दाखवली आहे, त्यामुळे बाटली उघडल्यावर वास तुम्हाला परका वाटणार नाही. मार्शमॅलो घालू नका. त्यात जिलेटिन असतं, आणि चवीलाही मला तो नुसता फेस वाटतो.

भेंडी तळायची असेल तर धुऊन अगदी कोरडी करा, चकत्या ताकात बुडवून मक्याच्या पिठात घोळवा, कडक तापलेल्या तेलात थोड्या थोड्या सोडा. ऐनवेळी करायचा पदार्थ आहे, पाहुणे असताना एकटीनं ओढवून घेऊ नका.

आता दहा दिवसांचं नियोजन. आजच एका काचेच्या बाटलीत छोट्या तिखट मिरच्या देठ काढून भरा आणि त्यावर पांढरं व्हिनेगर तापवून ओता. रविवारपर्यंत 'पेपर व्हिनेगर' तयार होईल. ही बाटली टेबलावर ठेवायची, ज्यानं त्यानं आपल्या पाल्यावर शिंपडायचं. तुमच्या हाताला जी तिखटाची आठवण येईल ती इथं भागवा. शनिवारी कॉलर्ड आणि चवळी शिजवून ठेवा, दोन्ही दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागतात. चीज किसून ठेवा. रविवारी आधी रताळी आणि मॅक अँड चीज १९० अंशांवर, ते बाहेर काढून विसावेपर्यंत ओव्हन वाढवून कॉर्नब्रेड. तो सर्वांत शेवटी, पाहुणे बसल्यावर बाहेर येईल असा.

तुम्ही असंही लिहिलंय की सून म्हणाली, 'आई, इतकं कशाला, हे तर साधं खाणं आहे.' तिच्या गावापासून दीड तासावर माँटगोमेरी आहे. १९५५-५६ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस वर्णभेदाविरुद्ध शहराच्या बसवर बहिष्कार घातला, तेव्हा जॉर्जिया गिल्मोर नावाच्या बाईंनी शेजारणींना जमवलं. त्यांनी घरी रांधलेली ताटं, केक आणि गोड 'पाय' विकून चळवळीच्या गाड्यांसाठी पैसे उभे केले. बायकांची नावं उघड झाली तर नोकऱ्या जातील, म्हणून पैसे कुठून आले असं विचारल्यावर 'कुठूनच नाही' म्हणता यावं असं नाव गटाला दिलं: क्लब फ्रॉम नोव्हेअर. तेच हे साधं खाणं. आजींचं वय बघता त्यांना तो काळ आठवत असेल. स्वयंपाकघरात तुमच्याबरोबर बसल्या आणि बोलल्या तर ऐका.

आणि त्यांना एक गोष्ट नक्की विचारा. १९३१ मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाच्या 'कॉन्स्टिट्यूशन' वृत्तपत्राचे संपादक यांच्यात आठवडेच्या आठवडे जाहीर वाद रंगला होता: मक्याची पोळी पॉट लिकरमध्ये बुडवून खायची की कुस्करून? लाँग बुडवणारे, संपादक कुस्करणारे. आमच्या मिस कुस्करायच्या, खोल वाटीत, वर पेपर व्हिनेगरचे चार थेंब टाकून, सकाळी कामाला लागण्याआधी उभ्या उभ्या. मी दूध-भाकरी कुस्करून खात वाढले, त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. आजींच्या घरी काय करतात ते मला लिहून कळवा.